कोपऱ्यावरच्या प्लॉटचं कुंपण

आमचं घर कोपऱ्यावर आहे. समोरून बारा मीटरचा रस्ता जातो, डाव्या अंगानं नऊ मीटरचा, आणि दोन्ही जिथं मिळतात तिथं आमची मेंदी, एक कण्हेर आणि आईचा मोगरा. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, जुन्या वस्तीबाहेरच्या लेआउटमध्ये २०११ साली आम्ही हा प्लॉट घेतला. कोपऱ्याचा म्हणून चार पैसे जास्त मोजले. दोन बाजूंनी वारा, दोन बाजूंनी उजेड, एवढंच डोक्यात होतं. कोपऱ्यावरच्या कुंपणाला नियम वेगळा असतो हे तेव्हा विकणाऱ्यानं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

सुरुवातीची बारा वर्षं सिमेंटचे खांब आणि काटेरी तार, यावरच भागवलं. शेळ्या तारेतून मान घालून जास्वंदीचे शेंडे ओरबाडायच्या. मोकाट गुरं रात्री खांबाला अंग घासायची, त्यात दोन खांब वाकले. एकदा क्लासहून घरी निघालेल्या एका मुलीची ओढणी तारेत अडकली आणि ती सायकलवरून पडली. हाताला फक्त खरचटलं, पण त्या संध्याकाळी ह्यांनी रस्त्याकडची तार कापून टाकली. चालत्या रस्त्याला लागून काटेरी तार लावूच नये, असं मला त्या दिवसापासून वाटतं. शेतात ठीक आहे.

२०२३ च्या उन्हाळ्यात वरचा मजला चढवायचं ठरलं आणि त्यासोबत पक्की कंपाउंड वॉलही. मिस्त्री जुने, घराचा पायाही त्यांनीच घातलेला. त्यांनी अंगणात उभं राहून हात डोक्याच्या वर नेला. "बाई, सहा फूट तरी पायजेच. येणारे-जाणारे आत बगतेत. वरून काचा लावू, कुणी चढायचं नाही." मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, त्यामुळं गावात निम्मे लोक मला बाईच म्हणतात. ह्यांनाही सहा फूट पटले. पटले नाहीत ते आईला.

आईचं माहेर उमरगा तालुक्यातलं, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटं असताना, किल्लारीच्या भूकंपानं तिच्या भावाचं घर बसलं. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक नुकतेच झोपले होते. त्या भागातली घरं दगडाची; मातीत रचलेल्या दोन-अडीच फूट रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद. माणसं त्या दगडांखाली गेली. आई त्यावर फार बोलत नाही. पण उंच भिंतीच्या सावलीत ती आजही खाट टाकत नाही. मिस्त्रींचे सहा फूट ऐकून ती एवढंच म्हणाली, "माझ्या मोगऱ्याजवळ भिंत नको गं. मला तिथं बसायचं असतं."

नकाशाचं काम ज्याच्याकडं दिलं तो परवानाधारक अभियंता माझाच विद्यार्थी, चौथीला माझ्या वर्गात होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि वहीचा कागद फाडून त्यावर रेघा मारत समजावलं. महाराष्ट्राच्या बहुतेक भागाला डिसेंबर २०२० पासून एकच बांधकाम नियमावली लागू आहे, 'एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली'. आमची नगरपरिषदही तिच्यात येते. तिच्यानुसार कंपाउंड वॉल समोरच्या रस्त्याच्या मध्याच्या पातळीपासून मोजून १.५ मीटर उंचीपर्यंत बांधता येते, म्हणजे साधारण पाच फूट. २.४ मीटरपर्यंत न्यायची असेल तर वरचा ०.९ मीटर भाग आरपार दिसेल असा, जाळीचा किंवा गजांचा ठेवावा लागतो आणि त्याची रचना मंजूर करून घ्यावी लागते.

"आणि बाई, तुमचा प्लॉट कोपऱ्याचा. दोन रस्ते मिळतात तिथून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर भरीव भिंत ०.७५ मीटरच्या वर नेता येत नाही. वर पाऊण मीटर पाहिजे तर गज लावा, ग्रील लावा, पण पलीकडचं दिसलं पाहिजे."

पाऊण मीटर म्हणजे अडीच फूट, माझ्या मांडीएवढं. आणि दहा मीटर म्हणजे जवळजवळ तेहतीस फूट, एका गुंठ्याची अख्खी बाजू. दोन्ही अंगांनी मिळून सहासष्ट फूट भिंत मांडीएवढीच ठेवायची! ह्यांचा चेहरा उतरला. मलाही ते जाचक वाटलं, खोटं कशाला सांगू. आपली जागा, आपले पैसे, आणि आडोसा मात्र करायचा नाही?

दुसऱ्या दिवशी ह्यांनीच एक युक्ती काढली. कोपऱ्यावर चार बांबू रोवले आणि रस्त्यापासून पाच फूट उंचीवर दोरी बांधून तिच्यावर जुन्या चादरी सोडल्या, दोन्ही बाजूंना तेहतीस-तेहतीस फूट. मग मला म्हणाले, "स्कूटी काढ आणि डावीकडच्या रस्त्यानं ये." आले. रोज शाळेतून येताना जसं वळते तसंच. कोपऱ्यापर्यंत येईतो मला समोरच्या रस्त्यावरचं काहीही दिसलं नाही. दिसलं ते गाडीचं पुढचं चाक मोठ्या रस्त्यात गेल्यावर. त्या रस्त्यानं हंगामात उसाच्या ट्रॉल्या जातात, सोयाबीनचे टेम्पो जातात. मग चादरी अडीच फुटांवर खाली घेतल्या आणि पुन्हा आले. या खेपेला पंचवीस-तीस पावलांवरूनच दोन्हीकडचा रस्ता मोकळा दिसला. पलीकडून येणारी पाणीपुरीची गाडी, तिच्यामागचं कुत्रं, सगळं. स्कूटीवर बसल्यावर डोळे साधारण साडेचार फुटांवर असतात. सायकलवरच्या पोराचे त्याहून खाली. पाच फुटांची भरीव भिंत दोघांनाही आंधळं करते. पाऊण मीटर हा आकडा कुठून आला ते मला त्या चादरींनी दाखवलं. कोपऱ्यावर घर बांधणाऱ्या प्रत्येकानं हे एकदा करून पाहावं. बांबू, दोरी, चादरी, आणि तासाभराचा वेळ.

उंचीचं ठरलं, पण भिंत घालायची कुठं? बारा वर्षं आम्ही खांबांची ओळ हीच आमची हद्द धरून चाललो होतो. मंजूर लेआउटची नक्कल पाहिजे होती. ती मागायला आम्ही संबंधित कार्यालयात तीनदा गेलो. एकदा साहेब नव्हते, एकदा फाइल सापडत नव्हती, एकदा "लेआउट पाडणाऱ्यालाच विचारा" म्हणून परत पाठवलं. शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि नेमकं काय पाहिजे ते लिहिलं: गट क्रमांक, लेआउट मंजुरीचं वर्ष, नकाशाची साक्षांकित प्रत. कायद्यानं तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सव्वीसाव्या दिवशी प्रत हातात आली. हे आधीच केलं असतं तर महिना वाचला असता. ज्याला पुढं-मागं भिंत बांधायची आहे त्यानं प्लॉट घेतानाच लेआउटची साक्षांकित प्रत मागून घ्यावी. सातबाऱ्यावर क्षेत्र कळतं. रस्ता किती रुंद धरलाय आणि कोपरा कसा छाटलाय ते नकाशाशिवाय कळत नाही.

आमचा कोपरा छाटलेलाच निघाला. नकाशात तिथं काटकोन नव्हता, गोलाई होती. गाड्यांना वळायला जागा राहावी म्हणून ती ठेवलेली असते. मिस्त्रींच्या दोरीत मात्र सरळ काटकोन होता.

मग मोजणी. भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयात हद्द कायम करण्यासाठी ऑनलाइन अर्ज केला आणि मोजणी फी भरली. मोजणीची तारीख लागली की लगतच्या धारकांना नोटिसा जातात, त्यामुळं आपण शेजाऱ्यांना आधीच जाऊन सांगितलेलं बरं. कागद अचानक हातात पडला की चांगल्या माणसाच्याही मनात पाल चुकचुकते. मी संध्याकाळी चारही घरी जाऊन आले. तीन घरी चहा झाला. चौथ्या घरी, रस्त्यापलीकडच्या कोपऱ्यावर, दार उघडलं पण आत या म्हणाले नाहीत.

मोजणीच्या दिवशी भूकरमापक रोव्हर घेऊन आले. काठीच्या टोकावरचं ते यंत्र उपग्रहांवरून जागा पकडतं. वडिलांच्या शेताची मोजणी मी लहानपणी पाहिली होती, तेव्हा साखळी ओढत धुऱ्याधुऱ्यानं माणसं दिवसभर चालायची. इथं दोन तासांत खुणा झाल्या. डाव्या बाजूच्या रस्त्याकडं आमचे खांब हद्दीच्या बाहेर होते. चाळीस सेंटीमीटर. नऊ मीटरच्या रस्त्यातली तेवढी जागा बारा वर्षं आम्ही धरून बसलो होतो आणि मोगरा नेमका त्याच पट्ट्यात होता.

ह्यांनी भूकरमापकांना दोनदा विचारलं, नक्की ना? त्यांनी शांतपणे पुन्हा खूण लावून दाखवली. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणीसाठी अर्ज करता येतो, मग वरिष्ठ येऊन तपासतात, हेही सांगितलं. आम्हाला त्याची गरज नव्हती. चूक समोर दिसत होती. पुढं हद्दीच्या खुणा असलेल्या मोजणी नकाशाची 'क' प्रत मिळाली. ती मी लॅमिनेट केली नाही, साध्या फाइलमध्ये ठेवली. कार्यालयात शिक्के मारायला कागद उघडा लागतो.

मोगरा हलवायचा म्हटल्यावर आई दोन दिवस गप्प होती. ते रोप तिनं माहेरच्या आळीतून आणलेलं होतं. मृगाचा पहिला पाऊस पडेपर्यंत आम्ही थांबलो, मग मुळांभोवतीच्या मातीचा गड्डा न फोडता, पोत्यात धरून, हद्दीच्या आत लावलं. त्या वर्षी फुलं आली नाहीत. पण झाड जगलं.

आता उंची नेमकी कुठून मोजायची? मिस्त्री अंगणातून मोजत होते. नियम सांगतो रस्त्याच्या मध्यापासून. आमच्या समोरचा रस्ता बारा वर्षांत दोनदा झाला. खालचा थर न उकरता वर नवा थर टाकला. अभियंता, मिस्त्री आणि मी पाण्याची नळी घेऊन उभे राहिलो. नळीचं एक टोक रस्त्याच्या मध्यावर धरलं, दुसरं अंगणात. पाणी दोन्हीकडं एका पातळीत आलं तेव्हा कळलं की रस्ता अंगणापेक्षा पंचेचाळीस सेंटीमीटर वर आहे. म्हणजे रस्त्यापासून दीड मीटर भिंत घातली तर आतून ती जवळजवळ साडेसहा फूट होते. मिस्त्रींचे सहा फूट नियमातच बसत होते! कोपऱ्यावरची पाऊण मीटरची भिंतही आतून चार फूट भरत होती. खुर्ची टाकून बसलेलं माणूस रस्त्यावरून दिसणार नाही आणि वळणारा मात्र गजांतून पलीकडचं पाहू शकेल. तीन महिने ज्यावरून घरात बोलाचाली चालली होती ती गोष्ट एका नळीनं दहा मिनिटांत मिटवली. ज्यांचं अंगण रस्त्यापेक्षा वर आहे त्यांचं उलटं होईल, त्यांना आतून भिंत ठेंगणी वाटेल. म्हणून आधी नळी लावावी, मग भांडावं.

शेवटी ठरलं ते असं. मागच्या आणि शेजारच्या बाजूला दीड मीटर भरीव विटांची भिंत. कोपऱ्यापासून दोन्हीकडं दहा मीटर पाऊण मीटर भिंत आणि वर तेवढेच उभे गज, बोटभर जाडीचे, मध्ये मोकळे. काचा नाहीत. वर आणखी ०.९ मीटर ग्रील चढवायची ह्यांची इच्छा होती, नियमात बसलंही असतं, पण आईसाठी त्यांनी ती सोडली. वरच्या मजल्याच्या नकाशातच भिंतीचा छेद, कोपऱ्याची गोलाई, दहा मीटरची मापं आणि फाटक आत उघडणारं असं सगळं दाखवून अभियंत्यानं अर्ज ऑनलाइन टाकला. फाटक रस्त्यावर उघडता कामा नये, हाही नियमच आहे. जुनं फाटक बाहेर उघडायचं आणि ते उघडलं की चालणाऱ्याला नाली ओलांडून रस्त्यात उतरावं लागायचं. दोन हरकती निघाल्या, एक जिन्याबद्दल, एक पार्किंगबद्दल. भिंतीबद्दल एकही नाही. त्या दुरुस्त केल्या आणि परवानगी आली.

बांधकामाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आमच्या भागात भिंती पडतात त्या काळ्या मातीमुळं. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. एप्रिलमध्ये आमच्या मागच्या मोकळ्या प्लॉटला एवढ्या भेगा पडतात की मनगटापर्यंत हात जातो. तिच्यावर सरळ विटा रचल्या की दोन पावसाळ्यांत भिंत चिरते, तिसऱ्यात कलते. आमच्या गल्लीत अशी एक भिंत रस्त्याकडं झुकलेली आहे आणि पोरं तिच्याच खालून शाळेला जातात. आम्ही दर दहा फुटांवर कॉलम घेतला आणि प्रत्येक खड्डा मुरूम लागेपर्यंत खणला. आमच्याकडं तो सहा फुटांवर लागला. दोन-दोन कॉलमांच्या मध्ये जमिनीलगत बीम टाकली आणि भिंत त्या बीमवर उभी केली, मातीवर नाही. बीमखाली वाळूचा थर दिला, म्हणजे माती फुगली तरी बीमला खालून तेवढा रेटा बसत नाही. वरून कोपिंग, म्हणजे भिंतीच्या माथ्यावर सिमेंटचा थर. खर्च वाढला, पण आई भिंतीजवळ खुर्ची टाकते आता. मिस्त्रींनी सळ्या बांधल्यावर तिला बोलावून दाखवल्या होत्या. "मावशी, ही हलली तरी बसायची नाही, बगा." तिनं सळीला हात लावून पाहिला.

याच काळात धाकट्या दिरांनी माझ्याकडचे कागद पाहून त्यांच्या शेताचं विचारलं. त्यांचं शेत नागपूर-रत्नागिरी महामार्गाला लागून, औसा-चाकूर पट्ट्यात. तिथं त्यांना तार ओढून आत एक टपरी टाकायची होती. महामार्गाचं गणित वेगळं. गावाबाहेरच्या मोकळ्या भागात राष्ट्रीय आणि राज्य महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटरवर इमारत रेषा धरतात आणि ७५ मीटरवर नियंत्रण रेषा, म्हणजे जिथवर बांधकामावर नियंत्रण असतं ती. इमारत रेषेच्या आत पक्कं बांधकाम करता येत नाही, आणि शेतातून महामार्गावर नवी वाट काढायची तरी महामार्गाच्या यंत्रणेची परवानगी लागते. दिरांनी टपरीचा विचार सोडला. तार मात्र महामार्गाच्या हद्दीच्या दगडाआत, आपल्या जमिनीत घेतली आणि कडेनं शेवगा लावला.

आमच्या मेंदीबद्दल राहिलंच. नियमात भिंतीची उंची आहे, झाडांबद्दल मला काही सापडलं नाही. पण गजांना लागून मेंदी पाच फूट वाढू दिली तर गज लावण्यात अर्थ काय? तीच भिंत झाली, हिरवी एवढंच. म्हणून कोपऱ्याच्या दहा मीटरांत मेंदी गुडघ्याच्या थोडी वर ठेवतो. पावसाळ्यात ती महिन्याला दोनदा कातरावी लागते. कण्हेर काढून आत लावली. वेलीला गजांवर चढू देत नाही, आणि यावर आईचं नि माझं अजूनही वाजतं, कारण तिला तिथं जाईचा वेल पाहिजे.

रस्त्यापलीकडच्या कोपऱ्यावर सहा फुटांची भरीव भिंत तशीच आहे. तिकडून येणारा आमच्या गजांतून दिसतो, पण आमच्याकडून वळणाऱ्याला त्यांच्या भिंतीमागचं दिसत नाही. गेल्या दिवाळीत फराळाचं ताट घेऊन मी त्यांच्याकडं गेले, या वेळी आत बसवलं. भिंतीचा विषय मी काढला नाही. उठताना त्यांच्या सूनबाईच म्हणाल्या, "काकू, तुमच्याकडं त्या चादरी लावल्या होत्या ना, त्या दिवशी मी वरून बघत होते. कशासाठी लावल्या होत्या?" मी सांगितलं. त्यांचा मुलगा यंदा पाचवीला आहे, नवी सायकल आहे त्याची. म्हणाल्या, रविवारी भाऊजींना सांगून तुमच्याकडून ते बांबू मागून घेते.